कांगारूबाईंचं एक्केचाळिसावं पान

कांगारूबाई हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. वाचनालयातल्या टवाळ सभासदांनी ते पाडलं, आणि कानावर आलं तेव्हा बाई रागावल्याही नाहीत. "माकड नाही म्हणालात, हेच खूप झालं," असं म्हणून त्यांनी समोरच्याच्या हातात आणखी एक ऑस्ट्रेलियन कादंबरी कोंबली.

वाचनालय औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना लाकडी आणि अंधारा, त्यातली मधली एक पायरी खिळखिळी. नवा माणूस तिथे हमखास ठेचकाळायचा, जुना न बघता ती ओलांडून पुढे जायचा. वर गेलं की समोर काउंटर, काउंटरमागे बाई, आणि बाईंच्या पाठीशी, हात मागे केला की पोचेल अशा बेताने, ऑस्ट्रेलियाची मांडणी. बाकीची पुस्तकं ज्याने त्याने शोधून घ्यायची. या मांडणीला मात्र बाई कोणाला हात लावू देत नसत. तिथलं पुस्तक मागून मिळत नसे, बाई माणूस बघून देत.

ही पुस्तकं आली एका म्हाताऱ्या जोडप्याकडून. उभं आयुष्य ऑस्ट्रेलियात काढून ते दोघं परत आले आणि घर लहान म्हणून खोकी भरभरून कादंबऱ्या वाचनालयाला देऊन टाकल्या. तेव्हाचे मोठे मालक म्हणाले, "कोण वाचणार हे? आपल्याला तिकडचं काय माहीत, कांगारू आणि क्रिकेट! द्या रद्दीत." रद्दीवाल्याला यायला उशीर झाला आणि दुपारी काउंटरवर माशा मारत बसलेल्या बाईंनी वरचं एक पुस्तक उघडलं. झालं! रद्दीवाला आला तसा हात हलवत परत गेला.

बाईंना त्या पुस्तकांत काय सापडलं, हे समजायला त्यांचं तेव्हाचं घर बघायला हवं होतं. दोन खोल्या, त्यात सासू, सासरे, बिनलग्नाचा दीर, नवरा आणि दोन पोरं. आंघोळीची वेळ सोडली तर बाई कधी एकट्या नसत, आणि आंघोळीलाही दारावर थापा पडत. नवरा रंगाच्या कारखान्यात. घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आणि इथे कादंबरीत एक बाई सकाळी दार उघडून उभी राहते, तर तिच्या आणि शेजारणीच्या मध्ये दिवसभराचा रस्ता, नुसती माती आणि आभाळ! त्या बाईला तो एकांत खायला उठतो, ती वेडीपिशी होते. आमच्या बाईंना मात्र वाचून हायसं वाटलं. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळा निघाला, मुलीचं लग्न झालं, नवराही गेला आणि घरात मुलगा नि सून तेवढी उरली. दोघंही नोकरीवर. मग दिवसभर त्या रिकाम्या खोल्या बघून, ती कादंबरीतली बाई वेडी का झाली हेही त्यांना कळलं. पण तोवर चटक लागलेली होती.

पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव बाई कधी घेत नसत. विहिरीची, लोकरीची, पुराची, अशीच नावं. मुलगा विचारत नाही म्हणून कुरकुरणारे आजोबा आले की त्यांना विहिरीची. तीत एक बाप गावासाठी विहीर खणत राहतो, पाणी काही लागत नाही, आणि वर दोर धरून उभा असलेला मुलगा दोर धरताधरताच म्हातारा होतो. "वाचा, आणि मग पोराला बोल लावा," बाई ठणकावून सांगत. नवऱ्याला वैतागलेल्या बायकांना लोकरीची. मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर फिरणारी एक स्वयंपाकीण, सगळी टोळी तिच्या हातचं खाते आणि एकालाही तिचं नाव माहीत नसतं. एकदा एका नव्या नवरीने लाजत विचारलं, "काहीतरी आनंदाचं द्या ना." बाईंनी चष्मा खाली करून तिला न्याहाळलं. "आनंद घरात चाललाय ना सध्या? मग तोच पुरवून खा. ही पुराची ने, पुढे कामाला येईल." नवरी पुस्तक घेऊन गेली आणि वर्षाने रडत रडत दुसरं मागायला आली. बाईंचा नेम चुकत नसे.

पण सगळ्यांत लाडकी होती ती एक्स्चेंजची. खाणीच्या गावात दोन बहिणी टेलिफोन एक्स्चेंज चालवत असतात. खाण बंद पडते, माणसं घरं टाकून निघून जातात आणि एकेक लाइन मुकी होत जाते. थोरली बहीण तरी कानाला यंत्र लावून बसूनच. न जाणो, कोणाचा फोन आला तर! शेवटी धाकटी रोज संध्याकाळी फिरायला जाते म्हणून निघते, टोकाच्या एका ओसाड घरातून आवाज बदलून एक्स्चेंजला फोन लावते, आणि थोरली लगबगीने विचारते, "कोण हवंय आपल्याला?" तिथे कादंबरी संपते.

ही कादंबरी बाई सरसकट कोणालाही देत नसत. घड्याळजींना दिली होती. घड्याळजी म्हणजे समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे, एका डोळ्याला भिंग लावून लावून त्या बाजूची भुवई कायमची वर गेलेले. त्यामुळे ते सदा कशाचं तरी आश्चर्य करत असल्यासारखे दिसत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दुकान बंद केलं की जिना चढून यायचे, काउंटरवर कोपर टेकायचे आणि म्हणायचे, "बाई, काहीतरी चांगलं सुचवा." स्वतः होऊन एक पुस्तक त्यांनी कधी उचललं नाही.

एक्स्चेंजची वाचून आले तेव्हा दोघांचं वाजलं.

"थोरलीला सगळं कळत असतं," बाई म्हणाल्या. "सख्खी बहीण, आवाज ओळखणार नाही?"

"छे हो! कळलं असतं तर तिने ते यंत्र काढून भिरकावलं असतं. कोणी इतकी कीव करतंय, हे माणसाला सोसत नाही."

"तुम्हाला बायकांचं काय कळतं?"

"तेही खरंच," घड्याळजी म्हणाले आणि भुवई आणखी वर गेली.

आता एक्केचाळिसाव्या पानाचं सांगितलं पाहिजे. म्हाताऱ्या वाचकांची एक खोड असते. पुस्तक वाचलंय की नाही हे आठवत नाही, म्हणून ते आत कुठेतरी पेन्सिलीने आपली खूण करून ठेवतात. मोठ्या मालकांनी वैतागून नियमच केला होता, की खुणा करायच्या तर सगळ्यांनी एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाशी करा, अख्खं पुस्तक विद्रूप करू नका. तेव्हापासून त्या पानावर फुल्या, गोल, मासे, छत्र्या असा सगळा बाजार भरलेला असे. घड्याळजी एक छोटं घड्याळ काढायचे, काटे तीनवर. बाई स्वतःसाठी घर काढायच्या, एक चौकोन आणि वर त्रिकोण. कोणाची खूण कोणती, हे बाईंना तोंडपाठ होतं.

आणि ते तोंडपाठ होतं म्हणून पुढचे दिवस निभावले.

सुरुवात जिन्यावर झाली. एके सकाळी बाई त्या खिळखिळ्या पायरीवर ठेचकाळल्या. जन्म गेला होता ती पायरी ओलांडण्यात! गुडघा चोळत त्या वर आल्या आणि स्वतःशीच हसल्या. मग एका सभासदाला त्यांनी आदल्या आठवड्यात त्यानेच परत केलेलं पुस्तक दिलं. घरी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. सून काही वाईट नव्हती, ती नुसती म्हणाली, "आई, तुम्ही आता स्वयंपाकघरात एकट्या नका जाऊ." बाईंना तो आवाज लहान मुलाशी बोलल्यासारखा वाटला आणि त्या दिवशी जेवणच गेलं नाही.

मोठे मालक जाऊन आता त्यांचा मुलगा गादीवर होता, त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. त्याच्याकडे कुरबुरी पोचल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी लहानपणापासून तुम्हाला बघतोय. पण आता सभासद आहेतच किती? त्यातले तक्रार करून गेले तर कुलूपच लावावं लागेल. झेपत नसेल तर घरी आराम करा ना."

"झेपतंय," बाई म्हणाल्या. "चार दिवस झोप नव्हती, म्हणून झालं."

आराम! घरी बसून काय करायचं, भिंतीशी बोलायचं? तिथे त्या आई होत्या, सासूबाई होत्या, गॅसपासून लांब ठेवायची एक वस्तू होत्या. इथे, या काउंटरमागे, अजून कोणीतरी येऊन म्हणत होतं, काहीतरी सुचवा. हे काउंटर गेलं की आपण गेलो, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

मग त्यांनी शक्कल लढवली. पुस्तक द्यायच्या आधी धूळ झटकल्याचं निमित्त करून एक्केचाळिसावं पान उघडायचं, समोरच्याची खूण दिसली तर पुस्तक गुपचूप मागे सारायचं आणि दुसरं काढायचं. तक्रारी थांबल्या. धाकट्या मालकालाही वाटलं, झोपेचंच असेल.

घड्याळजींच्या बाबतीत मात्र एकदा घसरल्या. त्या दिवशी त्यांनी एक्स्चेंजची उचलली आणि पान न बघताच भरभरून सांगायला लागल्या. खाण कशी बंद पडते, रस्त्यावरची धूळ उघड्या घरांत कशी शिरते, थोरली कशी वाट बघत बसते. सांगता सांगता हाताने सवयीने पान उलटलं आणि समोर घड्याळ, काटे तीनवर. बाई मध्येच थांबल्या. शेजारच्या खुर्चीत धाकटा मालक हिशेब करत बसला होता, त्याने मान वर केली.

"ते माझं नव्हे हो," घड्याळजी चटकन म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं असेल. मी चारवर काढतो काटे. द्या ती, छान दिसतेय."

बाईंना हायसं वाटलं. घड्याळजी चारवरच काढत असतील. आपल्यालाच आठवत नाही हल्ली. पुस्तक घेऊन घड्याळजी गेले, आठवड्याने परत आले आणि थोरलीला कळतं की नाही यावरून दोघांचं पुन्हा कडाक्याचं वाजलं. त्या संध्याकाळी बाई किती खुशीत घरी गेल्या! सुनेलाही म्हणाल्या, "आज एकाला असं पुस्तक दिलं, असं पुस्तक दिलं, की बस."

दिवस गेले. वाचनालयात माणसं कमी झाली, वरचा दिवा लवकर लागायला लागला. त्या मोसमात बाईंना सारखं दमल्यासारखं वाटे. दुपारी काउंटरवर एकट्या बसून त्यांनी मांडणीतून एक पुस्तक काढलं, वाचायला घेतलं आणि हरखून गेल्या. दोन बहिणी, टेलिफोन एक्स्चेंज, ओसाड पडत गेलेलं गाव. इतकी वर्षं हे आपल्या पाठीशी होतं आणि आपण कसं वाचलं नाही! दोन-तीन दुपारी त्या पुस्तकातच होत्या. शेवटच्या पानावर, थोरलीने "कोण हवंय आपल्याला?" विचारलं तिथे, त्यांना हुंदका आवरला नाही. डोळे पुसले आणि पहिला विचार आला तो हा, की हे घड्याळजींना द्यायचं. आजच द्यायचं. दुसऱ्या कोणाला कळायचं नाही हे.

पेन्सिल घेऊन त्यांनी आपली खूण करायला एक्केचाळिसावं पान उघडलं.

पानाच्या तळाशी घर होतं. त्याच्या शेजारी घर होतं. त्याच्या शेजारी आणखी एक. एक सबंध आळी होती घरांची, पहिली ठसठशीत, सरळ रेघांची, आणि पुढे पुढे हात थरथरल्यासारखी, छप्पर भिंतींवरून सरकलेली. सगळी बाईंचीच. आणि त्या आळीच्या टोकाला कागद खरबरीत झालेला. खोडरबराने खोडून, पुन्हा खोडून, पुन्हा खोडून इतका झिजलेला, की मागच्या पानावरची अक्षरं त्यातून दिसत होती. त्या झिजलेल्या जागी नीट निरखलं तर एक गोल दिसायचा आणि त्यात तीनवर एक काटा, अगदी पुसट.

खालच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

घड्याळजी नेहमीच्या वेळी आले. कोपर टेकून म्हणाले, "बाई, काहीतरी चांगलं..." आणि काउंटरवर उघडं पडलेलं पान त्यांना दिसलं.

"किती वेळा नेलीत ही?" बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी काउंटरवरचं कोपर काढून घेतलं.

"खोडून परत आणायचात. म्हणजे मला खूण दिसू नये, आणि मी पुन्हा सुचवावी, असंच ना? मला वेडी समजून खेळवत होतात?" बाईंचा आवाज चढला. "आणखी कोणकोण करतं असं? सगळं वाचनालय हसतं का मला? कांगारूबाईला नाचवा, असं?"

"कोणी हसत नाही हो." घड्याळजींची ती कायमची वर गेलेली भुवईही आज खाली आल्यासारखी वाटली. "त्या दिवशी माझी खूण दिसली आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. शेजारी मालक बसलेले. माझ्याच्याने बघवलं नाही. पण शपथ घेतो, मी नुसती नेऊन ठेवली नाही. दर वेळी वाचली, खूण केली, आणि परत आणताना ती खोडली. दर वेळी तुम्ही निराळं सांगायचात. एकदा थोरलीचं सांगितलंत, एकदा त्या धुळीचं, एकदा धाकटीचा जीव कसा कुरतडला जातो त्याचं. तुम्ही सांगितलंत म्हणून मला ते दर वेळी नवं सापडलं."

बाईंना राग आला होता आणि त्याहून जास्त रडू येत होतं. ते जुनं भांडण एकाएकी आठवून त्या म्हणाल्या, "तुमचंच खरं होतं मग. कळल्यावर यंत्र काढूनच ठेवावं लागतं."

"बाई, असं नका..."

"मी लोकांना पुस्तक सुचवते, घड्याळजी. तेवढंच येतं मला. आणि मी सुचवलेलं पुस्तक माणूस माझी दया येऊन नेणार असेल, तर मी इथे बसून करू काय?"

त्यांनी पेन उचललं. पेन्सिल नव्हे, पेन. झिजलेल्या जागेच्या बाजूला, चांगल्या कागदावर, एक गोल काढला आणि तीनवर काटे. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "आता खोडता यायचं नाही. सुटलात तुम्ही." मग कपाटाच्या किल्ल्या धाकट्या मालकाच्या खुर्चीवर ठेवल्या आणि पिशवी उचलून जिना उतरल्या. मधल्या पायरीवर घड्याळजींनी हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, पण ठेचकाळल्याही नाहीत.

त्यानंतर बाई घरीच. सुनेने नोकरीच्या वेळा बदलून घेतल्या. मुलगा येताना त्यांच्यासाठी मासिकं आणायचा, ती उशाशी पडून राहायची. सकाळी उठून बाई पिशवी शोधायच्या, कामावर उशीर होतोय म्हणायच्या, आणि सुनेने समजावलं की खिडकीपाशी बसायच्या. पुढे पिशवी शोधणंही थांबलं. सून एकटीच असली की रडायची. म्हणायची, आधी भांडायच्या तरी.

वाचनालय वर्षभरात बंद झालं. धाकट्या मालकाने पुस्तकं मिळेल त्याला वाटली. घड्याळजींनी एकच मागून घेतलं.

ते घेऊन ते बाईंच्या घरी गेले. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. त्यांनी घड्याळजींकडे बघितलं, ओळखल्यासारखं, आणि कोण ते न समजल्यासारखंही.

"बाई," घड्याळजी समोरच्या स्टुलावर बसत म्हणाले, "काहीतरी चांगलं सुचवा."

बाईंनी चष्मा खाली करून त्यांना न्याहाळलं. ओठ हलले. हात सवयीने पाठीमागे गेला, तिथे नुसती भिंत होती. मग तो हात परत मांडीवर आला आणि त्या ओशाळून हसल्या. "काही आठवत नाही हो. तुमच्या हातात काय आहे?"

घड्याळजींनी पुस्तक पुढे केलं. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. दोन बहिणी असतात. एक खाणीचं गाव असतं. बाई पुढे सरकून ऐकत राहिल्या, मध्येच "अगं बाई!" म्हणाल्या, मध्येच पदर तोंडाशी नेला. धाकटी आवाज बदलून फोन लावते तिथे आल्यावर त्यांनी घड्याळजींना थांबवलं.

"आणि थोरलीला कळतं का हो, की ही धाकटीच आहे?"

घड्याळजींनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. "तुम्ही म्हणायचात, कळतं."

"मी?" बाई खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असं सून पुढे सांगायची. "मी कुठे वाचलीये अजून! इकडे द्या बघू." त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी घेतलं. "वाचते सावकाश. आणि चांगली निघाली ना, तर तुम्हालाच देईन आधी. दुसऱ्या कोणाला नाही द्यायची."

"चालेल," घड्याळजी म्हणाले. "मी येईन न्यायला."